माझ्या नावाचा कोलाच

सोमवारी सकाळी आईच्या कबरीपाशी उभी असताना एका म्हातारीने माझ्या हातात माझ्याच आत्म्यासाठीचा कोलाच ठेवला.

ठेवला कसला, कोंबला. वेणी घालून गोल वळलेला पाव, मधल्या भोकात निळ्या काठाचा कप, कपात पेटती मेणबत्ती. मी हात मागे घेणार एवढ्यात तिने माझी बोटं कपाभोवती मिटली आणि म्हणाली, "घे गं बाई. लियाना झोरीच्या आत्म्यासाठी. ती गायची ना, तिच्या." मेणाचा एक थेंब माझ्या अंगठ्यावर पडला आणि तिथेच थिजला. ईस्टरनंतरच्या आठवड्यात आमच्याकडे मेलेल्यांचा ईस्टर असतो. आमचं सगळं किशिनाऊ शहर त्या दिवशी कबरस्तानात लोटतं, कबरींवर चादरी अंथरून लाल अंडी आणि वाइन मांडतं, आणि आपल्या गेलेल्या माणसाच्या नावाने समोर दिसेल त्याच्या हातात काहीतरी देतं. हा पोमाना. त्याला नाही म्हणायचं नसतं. पोट भरलेलं असो, देणाऱ्याशी सात जन्मांचं वैर असो, घ्यायचं आणि बोग्दाप्रोस्ते म्हणायचं. आई सांगायची, नुसते आभार मानले तर ते देणाऱ्याच्या खिशात राहतात, बोग्दाप्रोस्ते म्हटलं तरच घास पलीकडे पोचतो. तो शब्द मेलेल्यांचा आहे, जेवणाच्या टेबलावर चुकून कुणी म्हणालं तर आई चमचा आपटायची.

मी बोग्दाप्रोस्ते म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? माझ्या मनात आलेला पहिला विचार सांगायचीही लाज वाटते. मला वाटलं, कप चांगला आहे. माणसं पोमान्यात बाजारातला सगळ्यात हलका कप देतात, दुसऱ्या चहाला कान निखळतो असा. हिने चिनीमातीचा आणला होता. माझ्यासाठी गेल्या कित्येक वर्षांत कुणी चिनीमातीचं काही आणलेलं नव्हतं. मग मी आईच्या कबरीशेजारच्या बाकड्यावर बसले.

म्हातारी पुढे जाईल असं वाटलं होतं, पण ती शेजारच्याच कबरीची निघाली. पांढरा दगड, त्यावर एका हसऱ्या बाईचा फोटो. ऐंशीच्या पुढची असावी. डोळ्यांत मोतीबिंदू दुधासारखा साकळलेला. बोलताना ती तोंड माझ्याकडे न करता कान करत होती. नाव तेकला. मी काळा चष्मा लावला होता, डोक्याला रुमाल घट्ट बांधला होता, तोंडाला रंग नव्हता, आणि एवढी तयारी एका आंधळ्या बाईपुढे फुकट गेली होती. गेली पंधरा वर्षं मी या दिवशी इथे येत नाही. आदल्या शनिवारी येते, कबर झाडते, ट्यूलिप ठेवते आणि निघते, लोकांनी ओळखू नये म्हणून. निदान स्वतःला तसं सांगते. खरं कारण हे, की भर गर्दीत कुणीही ओळखलं नाही तर ते बघायला लागू नये. या वेळी शनिवारी मंत्रालयात बोलावणं होतं म्हणून सोमवार पत्करला, आणि बघा.

"कधी गेली ती?" मी विचारलं. आवाज बसला होता, पण तो अलीकडे बसलेलाच असतो.

"झाली की पंधरा वर्षं. इटलीत. एका म्हातारीची सेवा करायला गेली होती, आपल्या सगळ्या बायका जातात तशी. तिकडेच गेली बिचारी. आमच्या खालच्या मजल्यावरची झिनोविया सांगत आली. तिची भाची त्याच गावात होती."

झिनोवियाच्या भाचीचं अर्धं बरोबर होतं. बोलोन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात मेली होती ती सिन्योरा, जिला मी तीन वर्षं न्हाऊ-माखू घालत होते. एका फेब्रुवारीत, दुपारी, सूप भरवताना. मी चमचा तसाच धरून बसले होते, आणि मग खिडकी उघडली, कारण आमच्याकडे आत्म्याला वाट द्यायला खिडकी उघडतात. रस्त्यावर आपल्याकडच्या दोन बायका उभ्या होत्या, त्यांना वरून ओरडून सांगितलं, गेली गं. कोण गेली ते सांगायचं राहिलं असेल. चौकाचौकांतून, रविवारच्या बागेतल्या बाकड्यांवरून, गावी जाणाऱ्या गाड्यांच्या ड्रायव्हरांकडून ती बातमी घरी येईपर्यंत सिन्योरा गळून पडली असणार आणि मी उरले असणार. मी परत आले, लग्नांत गायला लागले, उत्तरेकडच्या खेड्यांत, जिथे अजून बोलावतात तिथे. टीव्हीवर तरुण मुली आल्या होत्या. मी जिवंत आहे असं कुणाला मुद्दाम कळवावं, असं मला सुचलं नाही. माणूस असं कधी कळवतो का?

तेकला मावशीने चादरीवर प्लाचिंते, म्हणजे सारण भरलेल्या भाजलेल्या पोळ्या, मांडली, एक माझ्याकडे सरकवलं. चीज आणि शेपूचं होतं, अजून कोमट. "खा. रोड वाटतेस," ती म्हणाली. दिसत काही नव्हतं, पण बोटं चाचपून झाली होती. मी खात राहिले आणि शनिवार डोक्यात घोळत राहिला. मंत्रालयातले ओनोफ्रेई साहेब, पातळ मिशीचे, अतिशय सभ्य. 'जनतेची कलावंत' हा किताब मला मिळणार होता. येत्या गुरुवारी, मोठ्या सभागृहात, टीव्हीवर थेट. देशात त्याच्या वर किताब नाही. मी त्याची वाट किती वर्षं पाहिली ते सांगत नाही. माझ्यामागून आलेल्या दोघीतिघींना तो मिळाला तेव्हा मी त्यांना फुलं पाठवली होती आणि घरी येऊन भांडी आपटली होती. शनिवारी ओनोफ्रेईंनी ते वाक्य उच्चारलं तेव्हा मात्र मला फक्त बसावंसं वाटलं, आणि मी तर बसलेलीच होते. मग ते म्हणाले, "आणि लियानाबाई, 'अक्रोडाखाली' गायचंय. अर्थात प्लसवर." आमच्या धंद्यात मायनस म्हणजे नुसतं वाजवलेलं, वर आपण गायचं. प्लस म्हणजे आवाजासकट. उभं राहून ओठ हलवायचे. मी म्हटलं, मी आता ते खालच्या पट्टीत गाते, गाऊ शकते. ते अजिजीने हसले. "अहो, लोकांच्या मनात तो वरचा सूर आहे. तो 'परत ये'. तुम्ही कशाला त्रास घेता? तो आवाज आमच्या संग्रहात सुरक्षित आहे." हे त्यांनी इतक्या मायेने सांगितलं की मला त्यांचा रागही आला नाही. सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवते म्हणून मी उठले.

सुरक्षित आहे हे खरंच होतं. छत्तीस वर्षांपूर्वीची फेब्रुवारीची सकाळ, स्टुडिओत हीटर बंद, इलारिओनने मला त्याचा लोकरीचा मफलर गळ्याला गुंडाळायला दिला होता, त्याला तंबाखूचा आणि लोणच्याचा वास. इलारिओन माझा संगीतकार. त्यानेच मला खेड्यातल्या क्लबातून उचललं. आल्याआल्या त्याने माझं नाव कापून टाकलं. "आगाफिया! आगाफिया नावाने बटाटे विकतात, बाई, रेकॉर्ड विकत नाहीत." दोन दिवस विचार करून तो लियाना झोरी घेऊन आला. मी नवा कोट घालून बघावा तसं ते नाव घालून बघितलं, बसलं. त्या सकाळी सतराव्या वेळेला तो सूर लागला. मी लावला नाही, तो लागला. कुठून आला, कसा इतका वेळ टिकला, मला कळलं नाही. संपला तेव्हा काचेपलीकडे इलारिओन पाठ करून उभा होता. पुढे सगळा देश ते गाणं गायला लागला. त्यानंतर देशच वेगळा झाला, निम्मी माणसं बाहेर गेली, आणि 'परत ये' या दोन शब्दांत लोकांना आपापली माणसं दिसायला लागली. इलारिओनने ते अक्रोडाखाली वाट बघणाऱ्या एका साध्या पोरीसाठी लिहिलं होतं. तोही निघून गेला, कॅनडात. आई मात्र शेवटपर्यंत मला आगाफियाच म्हणायची. रेडिओवर गाणं लागलं की स्वयंपाकघरातून ओरडायची, "ये गं, तुझी ती लियाना गातेय." जणू आमच्या मागच्या खोलीत कुणी भाडेकरीण राहत होती.

"तुम्ही तिला कुठे ऐकलंत, मावशी?"

"ऐकलं? घरी जेवून गेलीय ती माझ्या!" तेकला मावशी ताठ झाली. "ही माझी व्हेरोनिका." तिने पांढऱ्या दगडावर थापटलं. "हिच्या लग्नात गायली. त्र्याण्णव साल, सप्टेंबर. मांडवात ऐन वेळी वीज गेली. वाजवणारे म्हणाले, आम्ही काय करणार, यंत्रं बंद. आणि नवरीच्या डोक्यावरचा पदर उतरवून रुमाल बांधायची वेळ आलेली. ही पोर उठली, सँडल काढले, बाकावर चढली आणि तशीच गायला लागली. माइक नाही, काही नाही. नुसता एक म्हातारा अकॉर्डियनवाला. माझी व्हेरोनिका रडली, मी रडले, व्याही रडला, तो तर मेला घोडा मेल्याशिवाय रडत नाही. तासभर गायली. नंतर माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभ्याउभ्या कोंबडीचं सूप प्यायली आणि म्हणाली, आई, मीठ झकास पडलंय."

मी आठवायचा प्रयत्न केला. मनापासून केला. मला ते लग्न आठवलं नाही. मी दोन हजारांवर लग्नांत गायले आहे. आठवतात त्या सुजलेल्या पोटऱ्या, नवरीच्या मानलेल्या बापाचे दारूच्या वासाचे मुके, मांडवाच्या ताडपत्रीचा घामट वास, मायनस अडकल्यावर साउंडवाल्या सेव्हाच्या शिव्या. वीज तर दर तिसऱ्या लग्नात जायची त्या काळात. सूप मी सगळीकडे प्यायले आणि मीठ झकास पडलंय असं सगळीकडे म्हणाले, कारण मग बाई खूश होऊन सोबत डबा देते. या बाईने ती संध्याकाळ एकतीस वर्षं पदराला बांधून ठेवली होती आणि माझ्याकडे तिचा मागमूस नव्हता. सांगायला हवं होतं तेव्हाच. मावशी, ती मीच, जिवंत आहे. शब्द जिभेवर आले आणि तिथेच बसले. सांगितलं असतं तर तिने पहिल्यांदा विचारलं असतं, मग माझी व्हेरोनिका आठवते ना तुला?

"व्हेरोनिका कशाने गेली?"

"रक्ताचा रोग. त्रेचाळीस वर्षांची होती." मग बराच वेळ ती अंडं सोलत राहिली, टरफलं एका पिशवीत गोळा करत. ती टरफलं नदीत सोडायची असतात, म्हणजे वाहत वाहत पलीकडच्यांना कळतं की इकडे ईस्टर झाला. "हिला देते तेव्हा तिलाही देते. हिच्या लग्नात अनवाणी उभी राहिली ती. तिला कोण आहे द्यायला? मूल एक, ते परदेशात. त्या लोकांना कोलाच करता येतो का?" माझा मुलगा डब्लिनमध्ये आहे आणि त्याला खरोखरच कोलाच करता येत नाही. "यादीतपण घातलंय तिला मी. पाद्रीबाबा म्हणाला, हे नाव बाप्तिस्म्याचं नाही, असली कुणी संतीण नाही. म्हटलं, तुम्ही वाचा हो, देव शोधून काढेल. तुझं नाव काय?"

"आगाफिया."

"हे कसं नावासारखं नाव!" तिने पिशवीतून दोन दुमडलेले कागद काढले. एकावर लाल क्रूस, जिवंतांचा, एकावर काळा. लाल कागद माझ्यासमोर धरला. "लिही तुझ्या हाताने. दर रविवारी वाचतात." मी तिच्या गुडघ्यावर कागद ठेवून झोनिया, पेत्रुना, छोटा अंद्रियान यांच्याखाली आगाफिया लिहिलं. काळ्या कागदावर वरून चौथी मी होतेच, मोठ्या वाकड्या अक्षरांत.

तेवढ्यात पाद्री आमच्या ओळीत आला, धुपाटणं हलवत, घामेघूम, मागे बायकांचा घोळका. त्याने नावं वाचली. लियाना म्हणताना तो किंचित अडखळला, सवयीचं अडखळणं. स्वतःचं नाव मेलेल्यांत ऐकताना काहीतरी व्हायला हवं, अंगावर काटा वगैरे. मला फक्त हलकं वाटलं, लग्न आटोपून सँडल काढल्यावर वाटतं तसं. मग सगळे 'ख्रिस्त उठला' गायला लागले. ते न गाता उभं राहता येत नाही. मी खालून, अगदी खालून सूर धरला, जिथे माझ्याकडे अजून थोडी जमीन शिल्लक आहे. सहा वर्षांपूर्वी आवाजाचा वरचा मजला पडला. डॉक्टर म्हणाले, गाठी आहेत, वय आहे, गप्प बसा. गप्प कशी बसणार? लग्नं होती. तेकला मावशीने गाता गाता कान माझ्याकडे वळवला आणि तिचं गाणं थांबलं.

"आवाज आहे की गं तुला," पाद्री पुढे गेल्यावर ती म्हणाली. "जाडाभरडा आहे, पण खोटा नाही. चर्चच्या गायनात उभी राहत जा." मग मला फार बरं वाटू नये म्हणून असेल, तिने जोडलं, "लियानासारखा नाही हं. उगीच चढून बसू नकोस. तिचा म्हणजे काय होता! तसा आता होणे नाही."

"नाही होणार," मी म्हणाले.

ट्रॉलीबसमध्ये कोलाच मांडीवर घेऊन बसले होते. त्या दिवशी सगळ्यांच्याच मांडीवर कोलाच असतात, त्यामुळे कुणी बघत नाही. मेणबत्ती विझवून कपात ठेवली होती. खिडकीतून लायलॅकचा वास येत होता आणि गाडी दर थांब्यावर आणखी भरत होती, वाइन पिऊन लाल झालेली माणसं, झोपलेली मुलं. ओनोफ्रेईंचा फोन आला. "काय ठरलं, लियानाबाई?" मी म्हटलं, ठीक आहे, प्लसवर. वाद घालायला अंगात त्राण नव्हतं. थकलेल्या माणसाला होकार नकारापेक्षा सोपा पडतो, म्हणून जगातले निम्मे होकार दिले जातात. "फार छान," ते म्हणाले, "लोकांना ती जुनी लियाना परत मिळेल." मी फोन पिशवीत टाकला. बाहेर रस्त्याकडेला अक्रोडाची झाडं नुकती पालवत होती. लहानपणी हिरवे अक्रोड सोलून आमची बोटं काळी व्हायची, महिनाभर जायची नाहीत, शाळेत बाई हातावर पट्टी मारायच्या. ते काळं मला अचानक पुन्हा हवंसं वाटलं.

घरी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या मी कोलाच खाल्ला. पोमान्याचं टाकायचं नसतं. आपण खाल्लं की ते त्याला पोचतं ज्याच्या नावाने दिलं. आता हा कुणाला पोचत होता? मी चावत होते आणि माझाच घास मला मिळत होता, वाटेत कुठे सांडत नव्हता. मला हसू आलं आणि मग ते हसू राहिलं नाही, मी ओट्याला धरून रडले, चांगली पाच-दहा मिनिटं. पंधरा वर्षं एक आंधळी बाई माझ्यासाठी कप निवडत होती. ज्यांच्यासाठी मी गळा फाडला त्यांच्यापैकी कुणी, नवऱ्याने, इलारिओनने, मुलाने, माझ्यासाठी इतक्या नेमाने काही केलं नव्हतं. आणि ते मिळायला मला मरावं लागलं होतं. गुरुवारी ती टीव्हीपुढे कान लावून बसेल. प्लस सुरू होईल, पंचवीस वर्षांच्या पोरीचा तो आवाज येईल, आणि तेकला मावशी म्हणेल, अगं बाई, ही तर जिवंत आहे! मग ते पंधरा कप, पंधरा मेणबत्त्या, पाद्रीशी घातलेला वाद, सगळं तिचं तिला परत. ती स्वतःला वेडी म्हणेल. शेजारची झिनोवियासुद्धा हसेल.

मी सेव्हाला फोन लावला. सेव्हा तीस वर्षं माझा साउंड बघतो, दोन घटस्फोट आणि एक हार्ट ॲटॅक होऊनही.

"'अक्रोडाखाली'चं मायनस दोन टोन खाली करून ठेव," मी म्हटलं.

"दोन टोन? बाईसाहेब, दोन टोनांनी ते पोरीचं गाणं राहत नाही, ट्रॅक्टर-ड्रायव्हरचं होतं."

"कर."

"तुला गुरुवारी प्लस आहे. मला मंत्रालयाचा कागद आलाय, शिक्क्यासकट."

"असू दे. दोन्ही घेऊन बस. मी हात खाली केला तर मायनस."

"वरच्या 'ये'ला काय करशील?" त्याने विचारलं, या वेळी थट्टा न करता. मला माहीत नव्हतं, तसं त्याला सांगितलं.

तीन दिवस मी ठरवलं आणि मोडलं. गुरुवारी सकाळी केस रंगवताना मी पक्की प्लसची होते. लोक येतील ते त्या सुरासाठी. किताब त्या सुराला आहे, मला कुठे आहे? मी त्याची विधवा म्हणून जाऊन घ्यावा, मान डोलवावी आणि घरी यावं. दुपारी लांब निळा पोशाख चढवताना पाठीची चेन लागेना आणि मी पुन्हा उलटी फिरले. धैर्यबिर्य त्यात काही नव्हतं. संध्याकाळी सभागृहाच्या विंगेत उभी असेपर्यंत मला खरोखरच माहीत नव्हतं मी काय करणार आहे.

मंत्र्यांनी नाव पुकारलं. लियाना झोरी, लियाना झोरी, असं तीनदा. दिवे डोळ्यांत. मंत्री उंच, लाल, शेतकऱ्याच्या पंजाचे. त्यांनी पदक लावलं, लाल पेटी हातात ठेवली, वर फुलं ठेवली, आणि माझी बोटं त्या पेटीभोवती मिटली, अगदी तशीच. मी सवयीने फुलं मोजली. जिवंताला विषम देतात, मेलेल्याला सम. नऊ होती. मग माइक पुढे आला. मी पाठ केलेले चार आभार होते, राष्ट्राध्यक्षांपासून संगीतकारापर्यंत. तोंड उघडलं आणि म्हणाले, "बोग्दाप्रोस्ते."

पहिल्या रांगेत एका बाईने तोंडावर हात ठेवला. आणि मंत्री, खेड्यातलेच, बिचारे, आईने लावलेली सवय, त्यांनी छातीवर क्रूस केला आणि माइकमध्ये स्पष्ट म्हणाले, "देव स्वीकारो." मग कुठेतरी मागे कुणी खुदकलं, ते पसरलं, ओनोफ्रेई विंगेत पांढरे पडले. त्या हशात मी वर सेव्हाच्या खोलीकडे बघितलं आणि हात खाली केला.

गाणं खालून सुरू झालं. पहिल्या ओळीला लोक गोंधळले, त्यांना ते ओळखीचं वाटत होतं पण दार सापडत नव्हतं. मी घाई केली नाही. अक्रोड, सावली, काळी बोटं, सगळं एकेक करून ठेवत गेले. 'परत ये'ला सूर पूर्वीइतका उंच नव्हता, तरी माझ्यासाठी उंचच होता. मी गेले. अर्ध्यावर तो फाटला, जुनं फडकं फाटावं तसा, आणि मी तो फाटका धरून ठेवला जितका श्वास होता तितका. टाळ्या झाल्या, सभ्य, जपून. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्राने लिहिलं की मान मोठा होता आणि गळा थकला होता. दुसऱ्याने बोग्दाप्रोस्तेचा विनोद केला. ओनोफ्रेईंनी नंतर फोन केला नाही. मुलाने डब्लिनहून विचारलं, "आई, तू बरी आहेस ना?" मी बरी होते. फार दमले होते, पण बरी होते.

वर्षभर काही विशेष झालं नाही. सात लग्नं, दोन बारशी, एका पदकाला घासायची पावडर.

पुढच्या मेलेल्यांच्या ईस्टरला मी सोमवारीच गेले. कुणी बोलावलं नव्हतं. रात्री पीठ मळून माझ्या हाताने एक कोलाच केला होता, एका बाजूने करपलेला. तेकला मावशी आधीच येऊन बसली होती, आणखी आक्रसलेली. मी "ख्रिस्त उठला, मावशी" म्हणाले आणि तिने कान वळवला.

"आगाफिया!" ती म्हणाली. "ये, बस. तुला झापायचंय मला. सांगितलं का नाहीस?"

मी विचारलं, "काय?"

"की टीव्हीवर जाणार आहेस म्हणून! मी ऐकत होते. सारखं त्या पोरीचं नाव, लियाना झोरी, लियाना झोरी. म्हटलं, उशिरा का होईना, सरकारला जाग आली, मेल्यावर का होईना मान दिला. आणि मग गायला लागली कोण, तर आपली कबरस्तानातली आगाफिया! पहिल्या ओळीला ओळखलं. झिनोविया म्हणते, अगं लियाना जिवंत आहे, तीच गातेय ती. मी म्हटलं, बहिरी आहेस का? हा तिचा आवाज आहे? आणि जिवंत माणूस कधी बोग्दाप्रोस्ते म्हणेल का? ही तिच्या वतीने घ्यायला गेलीय." तिने माझा हात शोधून धरला. "बरं केलंस हो. मेलेल्या माणसाचा मान कुणीतरी घ्यायलाच हवा. आणि गायलीस छान. शेवटी फाटला जरा आवाज, पण मनापासून फाटला."

आता सांगण्यासारखं होतं तरी काय? तिने पिशवीतून कोलाच काढला, कप काढला. या वेळी कपावर लाल चेरी होत्या. "घे. लियानाच्या आत्म्यासाठी." मी बोग्दाप्रोस्ते म्हणाले. मग माझा करपलेला कोलाच काढून तिच्या हातात दिला, व्हेरोनिकाच्या आत्म्यासाठी. तिने तो हुंगला. "करपलाय," ती म्हणाली, आणि शालीत गुंडाळून ठेवला.

बराच वेळ आम्ही अंडी खात बसलो. आजूबाजूला मुलं कबरींमधून धावत होती, कुणाची तरी वाइन सांडली, कुणीतरी भांडत होतं. मग तेकला मावशीने पांढऱ्या दगडावर हात ठेवला आणि म्हणाली, "आगाफिया, ते गाणं एकदा इथे म्हण. माझ्या व्हेरोनिकाकडे टीव्ही नाही."

मी रुमाल सैल केला. पायांतले बूट काढले, का ते मला माहीत नाही, गवत थंड होतं. जितक्या खालून येत होतं तितक्या खालून सुरू केलं. शेजारच्या दोन-तीन कबरींवरची माणसं बोलायची थांबली. 'परत ये'पाशी आवाज पुन्हा फाटला, मागच्यापेक्षाही आधी, आणि मी थांबले नाही. संपल्यावर तेकला मावशीने ओठ पुसले, तोंड माझ्याकडे वळवलं, कान नव्हे, तोंड, आणि हळूच म्हणाली,

"बोग्दाप्रोस्ते."